कोरा फ्लॅश

"बाई, तेवढी दोरी सोडता का?"

"कोन्ती दोरी?"

"ही. लुगडं वाळत घातलंय ती. फोटोत येते."

"मंग येऊ दे ना बाप्पा. धुतलेलंच हाये."

पंचफुलाबाई हसली. मीही हसलो, पण मला घाई होती. सूर्य चिमणीच्या मागून वर येत होता. तो तिरपा उजेड इंजिनघराच्या भिंतीवर फार तर वीस मिनिटं टिकणार होता, आणि त्या वीस मिनिटांसाठी मी थंडीत साडेपाचला उठून सायकल मारत आलो होतो.

तिने दोरी सोडली. लुगडं घडी करून काखेत धरलं.

"आता झालं?"

"तो तुळशीचा डबा पण थोडा बाजूला..."

"तुळस? तुळशीनं काय केलं तुहं?"

"अहो, फोटो ओसाड जागेचा आहे. तुळस दिसली तर माणसं राहतात असं वाटतं."

"मंग मी काय भूत हावो काय?"

मी पुन्हा हसलो. हसण्यात माझं काय जात होतं! डालडाचा पाच किलोचा डबा होता तो, त्यात तुळस. तिने तो दोन्ही हातांनी उचलून मागच्या बाजूला नेला. मी चुलीवरचं काळं पातेलं उचललं, चुलीच्या विटा आड केल्या, खाट भिंतीआड सरकवली, कोंबडी हाकलली. राहिली रांगोळी. फोटोवाला येणार म्हणून तिने त्या दिवशी जरा मोठी काढली होती. ती मी बुटाने पुसायला लागलो, तेव्हा मात्र तिने मला थांबवलं.

"पाय नको लावू. मी पुसतो." ओला हात फिरवून तिनेच ती पुसली.

मग मी कडुनिंबाखाली जाऊन वाळका पाला ओंजळीत घेतला आणि तिच्या ओट्यावर पसरला. ती पाल्याकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सकाळीच झाडलं होतं मी."

एक्क्याण्णवच्या जानेवारीतली ही गोष्ट. आमचं करंजखेड म्हणजे कापसाचं गाव. स्टेशनाच्या बाजूला जिनिंग होती, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. ती बंद पडून बारा वर्षं झाली होती. पत्रे उडालेलं शेड, गंजलेलं प्रेस, एक उंच चिमणी आणि इंजिनघर एवढं उरलं होतं. इंजिनघराला लागून एक खोली होती, तिथं पंचफुलाबाई बोरकर राहायची. तिचा नवरा उकंडराव त्या इंजिनावर होता. जिनिंग बंद झाली तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी त्याला सांगितलं होतं, "उकंडा, तू आणि तुझी बायको जिवंत आहा तोवर ही खोली तुमची." कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. पुढं मालक गेले, उकंडराव गेला. ही एकटी राहिली. लेकरूबाळ नव्हतं. चार घरी धुणीभांडी करायची आणि संध्याकाळी त्या चिमणीखाली परत यायची.

आणि मी मधुकर धांडे. एसटी स्टँडसमोर 'दर्शन फोटो स्टुडिओ'. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. लग्नं, बारसं, पासपोर्ट साइज. नवरदेवाच्या मावशीच्या नणंदेला हसवून हसवून माझं डोकं उठायचं. त्यातून हे वेड लागलं. माणसं नसलेल्या जागा! पडकी धर्मशाळा, बंद पडलेलं छोट्या गाडीचं स्टेशन, नदीकाठचा डाक बंगला, कोणाच्या तरी नावाने बांधलेली आणि कोणीच पाणी न भरलेली टाकी. रविवारी सायकल काढायची आणि अशा जागा हुडकत फिरायचं. भिंती नटून येत नाहीत आणि फोटो काळा आला म्हणून भांडत नाहीत, असं मी लोकांना सांगायचो. आई म्हणायची, "जित्या माणसांचे फोटो काढून पोट भरतं, आणि मढ्यावाणी घरांच्या मागं काय हिंडतो रे?"

त्या दिवशी मी सात-आठ फोटो काढले. शेवटचा फार चांगला होता. उघडं दार, आत अंधार, ओट्यावर पाला आणि भिंतीवर चिमणीची लांब सावली. काढतानाच मला समजलं की हा आपल्या नशिबाचा फोटो आहे.

मग तिने कोरा चहा केला. गुळाचा. आम्ही ओट्यावर बसून प्यायलो. तिने तुळस जागेवर आणून ठेवली होती.

"एक माहा काढ ना," ती म्हणाली. "माहा एकबी नाई हाये. लग्नात काढला नाई, अन् मंग कोन काढते?"

ती तुळशीच्या डब्याजवळ उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हात पोटाशी धरले.

"मान सरळ हाये ना माही?"

"एकदम सरळ. हलू नका."

खट्ट आवाज झाला, फ्लॅश पडला. तिने डोळे मिटले आणि उघडले.

"झाला?"

"झाला."

"मंग देजो एखाद्या दिवशी," ती म्हणाली आणि कपबशा विसळायला गेली.

तो ओसाड जिनिंगचा फोटो मी नागपूरच्या एका पेपरने ठेवलेल्या स्पर्धेला पाठवला. 'निर्मनुष्य' असं नाव दिलं. सोबत एक छापील फॉर्म होता, त्यावर सही केली. मे महिन्यात पहिला नंबर आला. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान फोटो! खाली माझं नाव, गावाचं नाव. लोक पेपर घेऊन दुकानात यायला लागले. मग त्या पेपरने पत्र पाठवलं की आमच्यासाठी अशा जुन्या वास्तूंचे फोटो दर पंधरवड्याला पाठवा. माझ्या फोटोचं, पेपरच्या शिक्क्याचं कार्ड आलं. ते खिशात ठेवून मी तहसीलमध्ये गेलो तर शिपाई खुर्ची द्यायचा. आता हसू येतं, पण तेव्हा त्या कार्डावर माझा जीव होता.

फोटो मोठा करून मी दुकानाच्या काचेत लावला. एक दिवस एक गाडी थांबली. जिनिंगच्या मालकांचे नातू उतरले. गावात त्यांना धाकटे मालक म्हणायचे.

"अरे वा! ही आपलीच जिनिंग ना? काय फोटो काढलाय धांडे! आजोबांची आठवण आली. एक कॉपी द्या, घरात लावतो."

मी स्वतः बसून कॉपी काढली. मागे फोटो काढल्याची तारीख टाकली, सही ठोकली, वर पेपरचं कात्रण जोडलं. आवडीनं दिली. माझ्या हातानं, सांगतो ना!

त्या दिवाळीनंतर पंचफुलाबाई दुकानात आली. दारातच उभी राहिली.

"बाप्पा, मले खोली सोड म्हनून रायले."

जिनिंग विकायला काढली होती. तिथं मंगल कार्यालय आणि रस्त्याच्या कडेनं गाळे होणार होते. म्हाताऱ्या मालकांचा शब्द आम्हाला माहीत नाही, म्हणे. ही बाई तिथं राहतच नव्हती, जागा विकणार म्हटल्यावर आत येऊन बसली, असं त्यांचं म्हणणं. तिने कोर्टात अर्ज केला होता. राजूरकर नावाच्या नव्या वकिलाने केस घेतली होती. रेशन कार्डावर पत्ता 'जिनिंग क्वार्टर' असा होता, पण क्वार्टरांची ओळ तर कधीच पाडलेली. साक्षीला गावातली माणसं यायला पाहिजे होती, पण ज्याला त्याला गाळा पाहिजे होता. कोणाचा गुडघा दुखत होता, कोणी गावाला गेलेला होता.

"अन् त्याह्यच्यापाशी तुहा फोटो हाये," ती म्हणाली. "आमच्या दाराचा. म्हनते, पाहा, कोनी नाई रायत इथी."

मी काचेत लावलेल्या फोटोकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"वकीलसाहेब म्हनते, त्या फोटोवाल्यानं तुहा फोटो काढला असंल तं घेऊन ये. तुळशीपाशी मी हावो असा. त्याच दिवसाचा असला तं लय काम होईन म्हनते."

आता इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे.

मी काम शिकलो यवतमाळला, एका उस्तादांकडे. लग्नात ज्याला त्याला फोटो पाहिजे असतो. पोरं समोर येऊन नाचतात, म्हातारे ओढून नेतात. रोल असतो छत्तिसाचा. म्हणून उस्तादांनी शिकवलं होतं की, फ्लॅशच्या मागे एक छोटं लाल बटण असतं, ते दाबलं की नुसता उजेड पडतो, रोल खर्च होत नाही. त्याच वेळी जीभ टाळूला लावून खट्ट करायचं. "मधू, लोकांना फोटो नको असतो रे, उजेड पाहिजे असतो," ते म्हणायचे. याला आम्ही कोरा फ्लॅश म्हणायचो. आमच्या भागातले सगळेच फोटोवाले मारायचे. मागाहून कोणी फोटो मागितला तर 'रोल जळाला' म्हणायचं, की झालं.

त्या सकाळी माझ्या रोलवर तीनच फोटो शिल्लक होते आणि मला परतताना डाक बंगला काढायचा होता. पंचफुलाबाईला मी कोरा फ्लॅश मारला होता.

"शोधतो," मी म्हणालो. "जुन्या निगेटिव्ह पाहाव्या लागतील."

"शोध," ती म्हणाली. मग जरा थांबली, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "नाई सापडला तं नाई. पन कोर्टात ये तू. येजो बरं."

मला कोर्टात बोलवायची गरज तिला पडलीच नाही. चार दिवसांनी समोरच्या बाजूनेच मला समन्स आलं. फोटो मी काढला हे मीच सांगायला पाहिजे होतं.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. खरं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की साहेब, दोरी मी सोडायला लावली, तुळस मी हलवली, पाला मी टाकला. मग स्पर्धेच्या फॉर्मचं काय? पेपरचं काय? गावातले दोन वार्ताहर माझ्या कार्डावर डोळा ठेवून होतेच. करंजखेडच्या फोटोग्राफरने बनावट फोटोवर बक्षीस लाटलं, ही बातमी त्यांनी माझ्याच पेपरात दिली असती. उद्या जाऊन राजूरकर वकिलाला भेटू, असं मी रोज ठरवायचो. एकदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेलोही. वरून कोणी उतरताना दिसलं तसा परत फिरलो.

तारखेच्या दिवशी कोर्टात फार गर्दी नव्हती. पंचफुलाबाई मागच्या बाकावर होती. तेच धुतलेलं लुगडं. मला पाहून तिने मान हलवली, लग्नघरी ओळखीचं माणूस भेटावं तशी.

समोरच्या वकिलांनी फोटो माझ्या हातात दिला.

"हा तुम्ही काढला?"

"हो."

"मागची तारीख, सही तुमची?"

"माझीच."

"यात जे दार दिसतं, ती हीच खोली?"

"हीच."

"दोरी, भांडी, चूल, काही दिसतं यात?"

"नाही."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. स्पर्धेचा फॉर्म. कुठून मिळवला कोण जाणे!

"खालची ओळ जरा वाचून दाखवता?"

मी वाचली. "या छायाचित्रातील दृश्यात मी कोणताही बदल केलेला नाही."

"हे खरं आहे?"

पंखा घरघरत होता. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. राजूरकर वकिलांनीही पाहिलं. मागच्या बाकाकडे मी पाहिलं नाही.

"खरं आहे," मी म्हणालो.

मग राजूरकर उभे राहिले. पोरगेलेसे होते. "धांडे, त्याच दिवशी तुम्ही या बाईंचा फोटो काढला होता का?"

"तसा फोटो माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे आहे का, हे नाही विचारलं. काढला होता का?"

"नाही."

ते मात्र शंभर टक्के खरं होतं. त्या दिवशी तिच्याविषयी मी बोललेली तेवढीच गोष्ट खरी, आणि तीच तिच्या मुळावर आली.

मागून पंचफुलाबाई उठली. "साहेब, त्याले इचारा, थो आमच्या घरी आला होता का नाई. मले तुळशीपाशी उभं केलं होतं त्यानं. चहा पेला होता त्यानं."

"बाई, खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. पण मला विचारलं, "तुम्ही यांना तिथं पाहिलं होतं का?"

एवढं सोपं करून दिलं होतं साहेबांनी. फोटो नको, निगेटिव्ह नको. फक्त हो म्हणायचं होतं, हो साहेब, त्या तिथंच राहतात, त्यांच्या चुलीवरचा चहा मी प्यालो.

"आवारात एक बाई दिसली होती," मी म्हणालो. "त्या तिथं राहतात की काय, ते मला माहीत नाही."

पंचफुलाबाई खाली बसली. बाहेर व्हरांड्यात मी तिच्यासमोरून गेलो तेव्हा ती चपला घालत होती. वर पाहिलं नाही तिनं.

अर्ज फेटाळला गेला. महिन्याभरात खोली पडली, नंतर इंजिनघर, मग चिमणी. चिमणी पाडताना पेपरने मला फोटो काढायला पाठवलं होतं. काढला. पान दोनवर आला.

आता तिथं मंगल कार्यालय आहे. तिथल्या लग्नांच्या ऑर्डरी मीच घ्यायचो, दुसरं गावात होतं कोण? नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवतात ना, तिचा ओटा साधारण तिथंच होता. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. लोक 'फोटोवाले, हसा जरा' म्हणायचे, मी हसायचो.

निकालानंतर दोन वर्षांनी उन्हाळ्यात, दुपारी, दुकानात कोणी नसताना पंचफुलाबाई आली. बाजारामागे कोणाच्या तरी गोठ्याला लागून पत्र्याखाली राहते, एवढं मला कानावर आलं होतं. फार वाळली होती.

"फोटो पाह्यजे," ती म्हणाली. "निराधारचा फॉर्म भरायचा हाये. दोन कॉप्या लागते म्हनते."

"बसा ना बाई. पाणी देऊ?"

"नको."

ती स्टुलावर बसली. डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हात पोटाशी धरले. मी दिवे लावले, कॅमेरा स्टँडवर चढवला. बटणावर बोट ठेवलं.

"आता तोंडानं नको वाजवजो, बाप्पा."

माझं बोट तिथंच राहिलं.

"काय म्हणालात?"

"तवा वाजवलं होतं, तसं." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा असा. "तीस वर्सं मी इंजिनाच्या भिंतीले लागून झोपली. रातपाळीत पट्टा जरासा सरकला तं आमचे हे धावत जायच्या आंधी मले समजे. मशिनीचा आवाज कोन्ता अन् मानसाच्या तोंडाचा कोन्ता, थे मले समजत नाई काय?"

"म्हणजे... तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चहा पिऊन रायला होता तू. पावना मानूस."

"पण मग कोर्टात... फोटो नाही हे माहीत होतं, तर माझ्याकडे कशाला आलात? साहेबांना कशाला सांगितलंत, याला विचारा म्हणून?"

ती माझ्याकडे पाहत होती. दिव्यांच्या उजेडात तिचे डोळे बारीक झाले होते.

"मी कुठी म्हनलं फोटो हाये म्हनून? मी म्हनलं, त्याले इचारा. फोटो नव्हता बाप्पा, मले मालूम होतं. पन तू तं होता ना तिथी?"

माफी मागावी म्हणून तोंड उघडलं असेल, मला आठवत नाही. बाहेरून एसटीच्या कंडक्टरची बेल ऐकू आली. तिने पदर पुन्हा नीट केला.

"काढ आता. मले फॉर्म द्यायचा हाये, तीनले खिडकी बंद होते. मान सरळ हाये ना माही?"

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. मान सरळ होती.